डिकीपाशी उभा माणूस

गाडीची परीक्षा मागच्या सीटवरून करायची असते, हे माझं मत जुनं आहे आणि ते मी कुणाकडून उसनं घेतलेलं नाही. जबलपूरच्या फॅक्टरीत लष्कराचे ट्रक तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. ड्रायव्हरचं काय, गाडी कशीही असली तरी त्याला धरायला स्टिअरिंग असतं. हाल होतात ते मागे बसणाऱ्यांचे. म्हणून मी तपासणीला नेहमी मागे चढायचो, फळीवर बसायचो आणि ट्रक मुद्दाम खड्ड्यांतून न्यायला सांगायचो. माझी पाठ हो म्हणाली तर ट्रक पास.

घरातही आमच्याकडं गाडी म्हणजे मागची सीट. आमचे पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत नागपूरहून इकडं आले, ते घोळक्यानं आले असणार, कारण तेव्हापासून या घराण्यात कुणी एकटं कुठं गेल्याचं ऐकिवात नाही. दाताच्या डॉक्टरकडं जायचं तरी तिघं निघतात. एकाला दात दाखवायचा असतो, दुसरा सोबतीला असतो आणि तिसऱ्याला नेमकं तिकडंच काम निघतं. पाहुणा निघाला तर त्याला फाटकापर्यंत पोचवायला सगळं घर बाहेर येतं, आणि तो स्टेशनला पोचल्यावर त्याचा फोन येईपर्यंत कुणी जेवत नाही. बाहेरचे लोक हसतात. हसोत.

अवंतिका माझी एकुलती एक मुलगी. बँकेत आहे, कमानिया गेटजवळच्या शाखेत. काही वर्षांपूर्वी तिला ताप आला, पाठीच्या कण्याला सूज आली, आणि ताप उतरला तेव्हा कमरेखाली तिचं काही हलत नव्हतं. त्या दिवसांबद्दल मी इथं लिहिणार नाही. ते आले आणि गेले. नोकरी टिकली, चाकांची खुर्ची घरात आली, आणि मी तिचा ड्रायव्हर झालो.

सकाळी महाराजपूरच्या आमच्या घरून निघायचं. ती खुर्चीवरून पुढच्या सीटवर सरकते, मी खुर्चीची चाकं काढतो, घडी करतो, मागे जाऊन डिकीत ठेवतो. बँकेपाशी पोचलो की उलटं. मागे ई-रिक्षावाले हॉर्न वाजवत असतात, मी त्यांच्याकडं पाहतसुद्धा नाही. संध्याकाळी शाखा सुटायच्या आधीच मी जाऊन डिकी उघडून उभा राहतो. तिथला समोसेवाला मला ‘डिक्कीवाले अंकल’ म्हणतो. खरं सांगायचं तर मला ते आवडतं. निवृत्तीनंतर माणूस कुणाला तरी कशाला तरी लागावा लागतो.

तर एका रविवारी पोहे खाता खाता अवंतिका म्हणाली, “बाबा, मी गाडी घेऊन राहिली.”

“आहे ना आपल्याकडं.”

“ती तुमची आहे. मी माझी घेऊन राहिली. हातानं चालवायची करून घेईन.”

गेल्या हिवाळ्यात मीच तिला नागपूरला मैत्रिणीकडं पोचवून आलो होतो, तेव्हा तिथं ती हे शिकली. स्टिअरिंगच्या बाजूला एक दांडी बसवतात. पुढं ढकलली की ब्रेक, खाली दाबली की वेग. पाय लागतच नाहीत. परीक्षा दिली, लायसन्सवर तशी नोंदही करून घेतली. मी आपला तो तिचा छंद समजलो होतो. लोक नाही का, हार्मोनियम शिकतात.

“मग चांगली सेडान पाहू,” मी म्हटलं. “आरामशीर, मोठी.”

“दोन पाहून ठेवल्या आहेत,” ती म्हणाली. “एक सेडान. आणि एक कूपे.”

कूपे म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. दोन दारांची, बुटकी, पळणारी गाडी. मागे सीट असते, पण ती नावापुरती. तिच्यावर छत्री ठेवावी, माणूस ठेवू नये. मी क्षमाकडं पाहिलं. माझी बायको अशा वेळी पोह्यांत लिंबू पिळत बसते.

सेडान नेपियर टाऊनमधल्या एका निवृत्त प्राचार्यांची होती. ती पाहायला आम्ही गेलो ते स्थळ पाहायला गेल्यासारखे. थोरले बंधू बापूसाहेब आले, कारण प्राचार्य त्यांच्या ओळखीचे. क्षमाची बहीण बेबीताई आली, कारण तिला नेमकं तिकडंच काम होतं. प्राचार्यांच्या पत्नीनं चिवडा आणि बर्फी पुढं केली आणि गाडी पोर्चमध्ये धुऊनपुसून उभी होती, चंदेरी रंगाची, खाली मान घालून.

बापूसाहेब मागच्या सीटवर बसले, दोनदा उसळून पाहिलं आणि म्हणाले, “वा.” बेबीताई मांडी घालून बसली आणि तरीही बाजूला जागा उरली. मी मधे बसलो. तिघांच्या गुडघ्यांना कुठं काही लागत नव्हतं. मागे गार हवेची झडप वेगळी होती, पाण्याची बाटली ठेवायला खाच होती, पानाचा डबाही मावला असता. माझी पाठ हो म्हणाली.

“पसंत आहे आम्हाला,” बापूसाहेबांनी काच खाली करून जाहीर केलं.

“चलो, अच्छा है,” अवंतिका म्हणाली. ती इतका वेळ पोर्चमध्ये आपल्या खुर्चीवर बसून आमच्याकडं पाहत होती. “आता जिला चालवायची आहे ती पण बसून पाहते.”

आम्ही उतरलो. कुणाच्या डोक्यात हे आलं कसं नाही, असा प्रश्न तेव्हाही मला पडला नाही. अवंतिका खुर्ची दाराशी नेऊन छान सरकली सीटवर. मी सवयीनं खुर्चीला हात घातला आणि डिकीकडं वळलो.

“बाबा, थांबा. ठेवा ती खाली. तुम्ही इथं नाहीत असं समजा.”

“नाहीत काहून? हा काय, इथंच तर आहो मी.”

“समजा म्हटलं ना.”

तिनं सीटवर बसूनच खुर्चीची चाकं काढली आणि मागच्या सीटवर टाकली. मग खुर्चीचा सांगाडा घडी करून उचलला आणि आत ओढायला लागली. तो दार आणि स्टिअरिंगच्या मधे अडकला. तिरका केला, तरी अडकला. मागच्या दारातून टाकायचा तर तिचा हात तिथवर पोचत नव्हता. तिनं पुन्हा जोर लावला, आणि तेव्हा आम्ही चौघं एकदमच धावलो. बापूसाहेबांनी दार धरलं, क्षमानं चाक सावरलं, बेबीताईनं नुसताच हात पुढं केला आणि मी सांगाडा घेऊन डिकीत ठेवला. अर्ध्या मिनिटाचं काम.

“झालं,” मी म्हटलं.

“आणि मी एकटी असली तर?”

“एकटी काहून असशील तू?”

“आम्ही काय मेलो का सगळे?” बेबीताई म्हणाली.

प्राचार्यांच्या पत्नीला अवंतिकेनं बर्फी छान झाल्याचं सांगितलं.

कूपे पाहायला मात्र तिनं फक्त मला नेलं. गाडी कॅन्टोन्मेंटमधल्या एका मेजरांची होती, त्यांची बदली झाली होती आणि इतक्या लांब ती न्यायची त्यांची तयारी नव्हती. झाडाखाली उभी होती. लाल. इतकी बुटकी की माझ्या कमरेला तिचं छप्पर येत होतं. मी वाकून मागे पाहिलं. तिथं बापूसाहेबांचा एक पाय मावला असता.

“ही गाडी घेऊन तू कमानिया गेटमधून जाशील?” मी विचारलं. “लोक वरात समजतील.”

“समजू द्या.”

तिनं दार उघडलं, आणि ते अंगणाच्या फाटकासारखं उघडतच गेलं. दोनच दारं असली की ती लांब असतात, हे मला ठाऊक होतं, पण त्याचा उपयोग काय ते मला कधी सुचलं नव्हतं. ती खुर्चीवरून सीटवर उतरली, उतरलीच, कारण सीट खाली होती. मग सीट थोडी पुढं घेतली, स्वतः पुढं वाकली, सीटची पाठही तिच्यासोबत पुढं आली आणि मागे एक मोठी फट पडली. चाकं तिच्यातून आत गेली. सांगाडा पहिल्यांदा हातातून निसटून मातीत पडला. मी पुढं झालो.

“हात मागे घ्या, बाबा.”

मी हात मागे घेतले. तिनं वाकून सांगाडा पुन्हा धरला, घामाघूम झाली, दातांनी ओठ धरला आणि एकदाचा तो तिच्या सीटमागं सरकला. तिनं पाठ सरळ केली, दार ओढलं. दार बंद झालं. काच वर होती. ती आत, खुर्ची आत, आणि मी बाहेर, हातात काही नाही.

मेजरसाहेब म्हणाले, “वाह, मैडम.” मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी चिडतो, ही माझी रीत आहे. उतरताना तिला फार कष्ट पडले. सीट खोल, तिथून अंग वर उचलून खुर्चीवर यायचं म्हणजे सगळा भार दंडांवर. दोनदा तिला परत खाली बसावं लागलं. मी ते मनात नीट नोंदवून ठेवलं आणि परतीच्या वाटेवर बाहेर काढलं.

“ही गाडी नापास,” मी म्हटलं. “चढायला जमतं, उतरायला नाही. पावसात काय करशील? आणि उद्या आईला न्यायचं झालं, मावशीला न्यायचं झालं, तर कुठं बसवशील?”

“त्यांना न्यायला तुमची आहे ना. माझ्यात एक जण मावते, ते पुष्कळ आहे.”

“सेडानमध्ये पाच जणं मावतात.”

“तेच सांगून राहिली ना मी.” ती खिडकीबाहेर पाहत होती. “सेडानमध्ये डिकीपाशी कोणाला तरी उभं राहावं लागते. रोज. जन्मभर. बाबा, बँकेतून सुटून मला कुठं दूरबिर नाही जायचंय. मला फक्त एकदा असं बाहेर यायचं आहे की तुम्ही बाहेर उभे नाहीत.”

मी ब्रेक लावला, कारण पुढं गाय होती. गाय गेली तरी माझी गाडी तिथंच होती, मागून हॉर्न वाजले तेव्हा निघालो.

संध्याकाळी घरात सभा भरली. बापूसाहेबांचं मत सेडान. बेबीताईचं मत सेडान. माझं तर होतंच. तिघांनी मिळून अवंतिकेला समजावलं की आराम मोठा, की लाल रंगाला चट्टे लवकर पडतात, की पळणारी गाडी पळणाऱ्यांना शोभते. हे शेवटचं बेबीताई बोलून गेली आणि मग स्वतःच पदर तोंडाला लावून बसली. अवंतिका हसली. तिनं मावशीला चहा आणून दिला, मांडीवर ट्रे ठेवून, थेंब न सांडता. पण खोलीत जाताना तिनं दार जरा जोरात लावलं.

“तुम्हाला काय खुपतंय ते सांगू?” सगळे गेल्यावर क्षमा म्हणाली.

“मला काही खुपत नाही. गाडी नापास आहे.”

“गाडी नाही. संध्याकाळी पाच वाजता तुम्ही काय करायचं, हा प्रश्न आहे. तिथं घोडं पेंड खातंय.”

मी पेपर उघडला. क्षमा शाळेत गणित शिकवायची. तिला वाटतं उत्तर आलं की उदाहरण संपलं.

पण रात्र सगळी ते शब्द कानात राहिले. उत्तर बरोबर असलं तरी मी ते नुसतं ऐकून मानणारा नव्हे. फॅक्टरीत लोक कागद दाखवायचे, हे असं आहे, ते तसं आहे. मी कागद बाजूला ठेवून ट्रकमध्ये चढायचो. इथं मात्र मी चढलो होतो मागच्या सीटवर, आणि तिथं तिला बसायचं नव्हतं. हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी, आंघोळीचा टॉवेल वाळत घालताना लक्षात आलं. टॉवेल तसाच दोरीवर टाकून मी आत गेलो आणि अवंतिकेची जुनी खुर्ची बाहेर काढली.

अवंतिका बँकेत होती, क्षमा झोपली होती. पोर्चमध्ये माझी गाडी उभी होती. तीही सेडानच, प्राचार्यांच्या गाडीची सख्खी बहीण म्हणावी अशी. मी खुर्चीत बसलो आणि ठरवलं की आजपासून आपल्याला पाय नाहीत. पाय खरोखर मधे येऊ नयेत म्हणून गुडघ्यांना क्षमाची जुनी ओढणी बांधली. खुर्ची दाराशी नेली, दंडावर जोर देऊन सीटवर आलो. इथवर ठीक. मग चाकं काढली. एक चाक हातातून सुटलं आणि पोर्चच्या उतारावरून फाटकापर्यंत गेलं. ते आता आणणार कोण? मी सांगाड्याकडं वळलो. ओढला, तो अडकला. तिरका केला, तो दाराच्या रबरात रुतला. आता तो आत येईना आणि बाहेरही जाईना, दार लागेना, आणि माझ्या पोटावर त्याचा दांडा. खांदे भरून आले. पाय सोडून उभा राहिलो असतो तर सगळं एका क्षणात सुटलं असतं. पण मग तपासणी कसली.

मी बसून राहिलो. ऊन सरकत सरकत माझ्या मांडीवर आलं. फाटकापाशी पडलेलं चाक मला दिसत होतं. अवंतिकेला रोज असंच काहीतरी दिसत असणार, हाताच्या जरा पलीकडं, आणि मग कुणीतरी धावत येऊन ते आणून देणार आणि ती ‘थँक्यू’ म्हणणार. दिवसातून किती वेळा म्हणत असेल ती हे? तेवढ्यात बापूसाहेब फाटकातून आत आले. त्यांनी आधी चाक पाहिलं, मग मला, मग ओढणी.

“भय्या,” ते अगदी हळू आवाजात म्हणाले, “हे तू काय करून राहिला?”

“तपासणी.”

“बरं. मग?”

“नापास,” मी म्हटलं. “सेडान नापास. आता जरा हे काढा माझ्या अंगावरून.”

बापूसाहेबांनी काढलं, आणि काढता काढता इतके हसले की त्यांना खुर्चीतच बसावं लागलं. खुर्चीला चाकंच नव्हती. मग मला ओढणी सोडून त्यांना उचलावं लागलं. क्षमा आवाजानं उठून दारात आली. तिनं आम्हा दोघांना पाहिलं, तिची ओढणी ओळखली आणि काही न विचारता परत आत गेली. तिला उत्तर आलेलं होतंच.

संध्याकाळी बँकेसमोर मी डिकी उघडून उभा होतो. अवंतिका बाहेर आली, तेव्हा मी म्हटलं, “लाल गाडी घे. पण उतरताना धरायला वर एक मजबूत हँडल पाहिजे. आणि ते मी स्वतः तपासणार.”

ती माझ्याकडं बघत राहिली. “काहून? अचानक?”

“माझे दंड दुखून राहिले,” मी म्हटलं. ती गोष्ट बापूसाहेबांनी तिला रात्री फोनवर अभिनयासकट सांगितली.

मग रिछाईच्या फेऱ्या सुरू झाल्या. तिथल्या कारखान्यांच्या रांगेत गुलाब पटेल यांचं वर्कशॉप आहे. गाड्यांना वाट्टेल ते बसवून देतात, गरज असो वा हौस. अवंतिकेला दोन्ही हवं होतं. हातानं चालवायची दांडी, ब्रेकची जोडणी, आरटीओची परवानगी, ही झाली गरज. त्याच्यापुढं तिनं काळी चाकं सांगितली, स्टिअरिंगला चामड्याचं वेष्टण सांगितलं, आणि सायलेन्सर असा हवा म्हणाली की गाडी आली हे कळलं पाहिजे.

“आवाज कशाला?” मी विचारलं. “कायद्यात बसतो का?”

“बसेल तेवढाच करून घेऊ. बाबा, मी कुठंही गेली की लोक आधी खुर्ची पाहतात. मग माझ्याकडं पाहतात, तेही असं मान कलती करून. आता आधी गाडी पाहू द्या त्यांना.”

मी पटेलांना म्हटलं, “सायलेंसर लगा दीजिए.”

“अंकल जी, कल तो आप मना कर रहे थे.”

“कल की बात कल गई.”

हँडल छताजवळच्या पट्टीत बसवलं, लोखंडी, वर रबर. पहिलं मी नापास केलं, कारण मी लोंबकळलो तर ते किंचित हललं. दुसरंही नापास. तिसऱ्याला मी दोन्ही हातांनी लोंबकळलो, मग पटेल लोंबकळले, मग त्यांनी वेल्डिंगवाल्याला लोंबकळायला लावलं. ते हललं नाही. अवंतिकेनं एका हातानं ते धरलं आणि खोल सीटवरून एका दमात खुर्चीवर आली. ती स्वतःच दचकली. पुन्हा गाडीत गेली आणि पुन्हा आली. मग पुन्हा. पटेलांनी चहा मागवला, तो गार झाला, ती आत-बाहेर करतच होती. मी त्या दिवशी फार खूश होतो. इतका की समोसेवाल्यालाही जाऊन सांगितलं. तो म्हणाला, “फिर आप नहीं आएँगे, अंकल?” मी म्हटलं, समोसे खायला येईन.

गाडी घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा. क्षमानं बॉनेटवर कुंकवानं स्वस्तिक काढलं, हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, बापूसाहेबांनी नारळ फोडला. आमच्याकडं नवी गाडी आधी ग्वारीघाटला नेतात, नर्मदेला दाखवतात, मग बाकीचं जग. त्यामुळे सगळे जायच्या तयारीनंच आले होते. बापूसाहेबांनी इस्त्रीचा कुर्ता घातला होता, बेबीताई नव्या साडीत होती, क्षमाच्या हातात ओटीचं ताट. आणि गाडीत जागा एक. बापूसाहेबांचा दावा वयाचा, बेबीताईचा आवाजाचा, क्षमाचा आईपणाचा. माझी जागा ठरलेलीच आहे असं मी धरून चाललो होतो.

अवंतिकेनं आईच्या ताटातलं कुंकू लावलं, ओटीचा नारळ आणि खण घेऊन शेजारच्या सीटवर ठेवला.

“आज कोणीच नको,” ती म्हणाली. “मी एकटी जाऊन येते.”

बेबीताईनं बोलायला तोंड उघडलं. क्षमानं त्यात पेढा घातला.

अवंतिका आत बसली. चाकं काढली, सांगाडा मागे सरकवला, पहिल्याच झटक्यात गेला. दार लावलं. गाडी सुरू झाली आणि कारखान्यातला जुना ओळखीचा आवाज कानाला गोड लागावा तसा तो सायलेन्सरचा आवाज पोर्चमध्ये घुमला. काच खाली झाली. तिनं मान बाहेर काढून मागे पाहिलं.

“बाबा, मागून हटा ना. मी रिव्हर्स घेऊन राहिली.”

तेव्हा मला कळलं की मी गाडीच्या मागे उभा आहे. डिकी जिथं असते तिथं, दोन्ही हात पुढं करून, खुर्ची घ्यायला. कधी येऊन उभा राहिलो ते माझं मलाच ठाऊक नाही. सगळे माझ्याकडं पाहत होते. कुणी हसलं नाही.

मी हटलो. लाल गाडी मागे आली, वळली, लिंबं चिरडून फाटकाबाहेर गेली. “पोचल्यावर फोन कर,” क्षमानं मागून सांगितलं. कोपऱ्यावर अवंतिकेनं हॉर्न वाजवला आणि मग रस्ता नेहमीचा झाला.

“चल भय्या,” बापूसाहेब माझ्या कानाशी म्हणाले. “आपण मागून जाऊ. तिला दिसणार नाही इतकं अंतर ठेवू.”

माझा हात खिशात गेलाच होता. किल्ली नव्हती. क्षमानं ती पदराच्या टोकाला बांधून घेतली होती. “काळजी करायची ना,” ती म्हणाली, “ती इथं बसून करा. जागा पुष्कळ आहे.”

आम्ही व्हरांड्यात बसलो आणि काळजी केली. बापूसाहेबांनी ट्रकवाल्यांना नावं ठेवली. बेबीताईनं रामरक्षा म्हटली. मला मात्र बसल्या बसल्या एक गंमत जाणवली. इतकी वर्षं मी अवंतिकेचं सगळं केलं, पण तिची वाट अशी पाहिली नव्हती. वाट पाहायला माणूस आधी गेलेला असावा लागतो. ही काळजी मला परकी नव्हती, प्रत्येक बापाला असते तीच होती, आणि ती परत मिळाल्यावर जीव थोडा थोडा होत असूनही बरं वाटत होतं.

फोन वाजला. मी क्षमाच्या आधी उचलला.

“बाबा, पोचली.”

मागे घंटा ऐकू येत होत्या, नावाडी कुणाला तरी हाका मारत होता. “वर रस्त्याच्या कडेलाच लावली आहे. इथून पाणी दिसून राहिलं. फूलवाली ताई ओटी खाली नेऊन देते म्हणाली. आणि एक जण विचारून गेला, कितने की है, पळते किती. खुर्चीचं कोणी नाही विचारलं.”

“नर्मदे हर,” मी म्हटलं. “चल, ये आता. जेवायला थांबलो आहो सगळे.”

“तुम्ही जेवून घ्या. मी जरा फिरून येते.”

“कुठं?”

“पाहते,” ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

मी व्हरांड्यात परत आलो. सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या.

“पोचली?” क्षमानं विचारलं.

“पोचली. आणि तिथून निघाली पण.”

“कुठं गेली?” बापूसाहेब म्हणाले.

“माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणजे?”

“म्हणजे माहीत नाही,” मी म्हटलं. किती वर्षांनी हे वाक्य माझ्या तोंडून निघालं होतं. माझी मुलगी गावात कुठंतरी होती आणि कुठं ते मला माहीत नव्हतं. मी ते पुन्हा एकदा म्हटलं, आणि क्षमाला पानं वाढायला सांगितली.